सूत्र आणि लीळा : कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी घ्यावयाच्या टिपणांचा विचार

१

उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून दोन प्रकारचे लेखन होत असते. एक परीक्षागृहात, दुसरे व्याख्यानाच्या तासाला. पहिल्या लेखनासंबंधी नियम, पोटनियम आणि परिपत्रके यांची मोठीच रास आपण रचून ठेविली आहे. दुसऱ्या लेखनाचा, म्हणजे वर्गात घेतल्या जाणाऱ्या टिपणांचा, विचार मात्र क्वचितच होतो. वही ही विद्यार्थ्याची खाजगी बाब होय, असे आपण गृहीत धरून चालतो. आणि ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यापुरते हे गृहीत चालूनही जाते. परंतु वर्गात एक जरी कर्णबधिर विद्यार्थी येऊन बसला, तरी ती खाजगी वही सार्वजनिक प्रश्नाचे रूप धारण करते. कारण त्या विद्यार्थ्यासाठी व्याख्यान दुसऱ्या कोणीतरी लिहून घ्यावयाचे असते, आणि ते कसे लिहावयाचे याचे कसलेच शास्त्र आपण बनविलेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे. परंतु तो प्रशासनाचा प्रश्न म्हणून नव्हे, तर संहितेचा प्रश्न म्हणून. मराठीच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, एकाच्या मुखातून निघालेले शब्द अनुपस्थितांसाठी लिहून ठेवावे, ही मराठी गद्याच्या आरंभकाळची एक मोठी प्रेरणा आहे. ज्या वाङ्मयाचा अभ्यास आपण पदव्युत्तर वर्गांत करतो, त्यातच या प्रश्नाचा एक फार जुना आणि फार चांगला विचार दडलेला आहे. उदाहरणे शक्य तेथे बीड जिल्ह्यातील घेतली आहेत. तालुक्याच्या गावची मराठी माध्यमाची महाविद्यालये, तेथे आसपासच्या खेड्यांतून येणारे विद्यार्थी, आणि त्यांत असलाच तर बहुधा एकटाच असलेला कर्णबधिर विद्यार्थी, अशी जी सर्वसाधारण परिस्थिती महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळते, ती डोळ्यांसमोर ठेवूनच सिद्धान्ताची परीक्षा झाली पाहिजे. महानगरातील संस्थेत जे साधते, ते वडवणीस किंवा पाटोद्यास साधेलच असे नाही.

२

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा केंद्रीय कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्याच्या परिशिष्टानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल इतका श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती अल्पश्रवण समजली जाते. कलम ३२ अन्वये उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी निदान ५ टक्के जागा राखून ठेवावयाच्या असून वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत द्यावयाची आहे. म्हणजे महाविद्यालयाचे दार कायद्याने उघडले आहे. प्रश्न आहे तो आत आल्यानंतरचा.

कलम १६ मध्ये प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, आणि अंध, बधिर किंवा अंधबधिर यांचे शिक्षण त्यांस सर्वांत योग्य अशा भाषांतून व संपर्काच्या साधनांतून व्हावे, असे सांगितले आहे. हे शब्द उदार आहेत, परंतु सर्वसाधारण आहेत. कलम १७ मध्ये जेव्हा तपशील येतो, तेव्हा तो परीक्षेकडे झुकतो : जादा वेळ, लेखनिकाची सोय, द्वितीय व तृतीय भाषेतून सूट. वर्गात टिपणे घेणाऱ्या माणसाचा तेथे उल्लेख नाही. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये लेखी परीक्षांसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तासाला निदान २० मिनिटे जादा वेळ द्यावा इथपर्यंत तपशील आहे. याच्या तुलनेसाठी अमेरिकेतील १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्याखाली १९९१ मध्ये झालेले नियम पाहावे. श्रवणसाहाय्याच्या साधनांची जी यादी तेथे दिली आहे, तीत दुभाष्याच्या बरोबरीने टिपणकाराचा स्पष्ट निर्देश आहे.

या भेदाचे मर्म लक्षात घेणे अवश्य आहे. परीक्षेत लेखनिक देण्यामागील कल्पना अशी की, विद्यार्थ्याला विषय अवगत आहे, फक्त तो कागदावर उतरविण्यात अडथळा आहे. दृष्टिहीन किंवा हाताने अधू असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती यथार्थ आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याचा अडथळा नेमका उलट बाजूला असतो. त्याचा हात चालतो, डोळा चालतो. उत्तरपत्रिका तो स्वतःच लिहू शकतो. जे लिहावयाचे ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. तीन तासांच्या परीक्षेत त्याला तासभर अधिक दिला आणि वर्षभराच्या व्याख्यानांतून त्याला वगळले, तर रिकाम्या कोठारास मोठे दार बसविल्यासारखे होईल.

भाषेतून सूट देण्याच्या तरतुदीविषयीही येथेच दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तिचा हेतू दयाळूपणाचा आहे, आणि शालेय पातळीवर तिने पुष्कळांची वाट सुकर केली असेल. परंतु जन्मतः बधिर असलेल्या मुलाच्या कानावर घरची मराठी पडत नाही. ती त्याला पुष्कळदा उशिरा आणि मुख्यतः डोळ्यांच्या वाटेने भेटते. अशा विद्यार्थ्याला भाषा कमी देणे हा उपाय नव्हे. त्याला वाचावयास पूर्ण, सुसंगत आणि अर्थवाही गद्य अधिक मिळाले पाहिजे. टिपणांच्या प्रश्नाला यामुळे आणखी एक परिमाण प्राप्त होते. त्याच्या हाती पडणारी टिपणे ही विषयाची टिपणे असतातच, शिवाय ती उच्च विचाराच्या मराठीचा त्याला घडणारा एक प्रमुख परिचयही असतात.

३

कर्णबधिर विद्यार्थ्याने स्वतःच टिपणे का घेऊ नयेत, हा प्रश्न प्राध्यापकांकडून विचारला जाणे स्वाभाविक आहे. ऐकू येणारा विद्यार्थी मान खाली घालून लिहीत असतो, त्या वेळी त्याचा कान व्याख्यात्याकडे लागलेला असतो. दोन कामे दोन इंद्रियांत वाटलेली असतात. कर्णबधिर विद्यार्थ्यास ही दोन्ही कामे एकट्या डोळ्याकडून करून घ्यावी लागतात. तो व्याख्यात्याचे ओठ पाहील, किंवा दुभाषी असल्यास त्याचे हात पाहील, किंवा वहीकडे पाहील. ज्या क्षणी दृष्टी वहीकडे वळली, त्या क्षणी व्याख्यान थांबले. आणि दृष्टी वर उचलली तेव्हा ते कोठल्या कोठे गेलेले असते. येथे बुद्धीचा किंवा परिश्रमाचा काहीएक संबंध नाही. दुभाषी उपलब्ध असला तरी ही अडचण राहतेच, हे विसरता कामा नये.

ओठांवरून शब्द वाचण्याच्या सामर्थ्याविषयीही आपल्या कल्पना अतिशयोक्त आहेत. मराठीच्या वर्णव्यवस्थेकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. पार, बार, भार, मार हे चार शब्द उच्चारून आरशात पाहावे. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. घोष, महाप्राण आणि अनुनासिकता यांचे व्यापार कंठात, श्वासात आणि नाकात चालतात. ओठांवर त्यांची खूण उमटत नाही. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांमधील भेद जिभेच्या टोकाशी घडतो व दातांआड लपतो. काल आणि काळ यांतील अंतर ओठ पाहणाऱ्यास संदर्भावरूनच ताडावे लागते. आणि संदर्भ तर त्याच व्याख्यानातून मिळावयाचा असतो. त्यात व्याख्याता फळ्याकडे तोंड करून बोलू लागला, किंवा मागच्या बाकावरून कोणी प्रश्न विचारला, की तेवढाही आधार नाहीसा होतो. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने बधिरांच्या शिक्षणातून खुणांच्या भाषेस हद्दपार करून ओष्ठवाचनावर व उच्चारावर सर्व भिस्त ठेविली. त्या ठरावांचा त्याग व्हावयास २०१० ची व्हँकूवर येथील परिषद उजाडावी लागली. एकशे तीस वर्षांचा हा इतिहास ओठांवर किती भार टाकावा याची पुरेशी सूचना देतो.

तात्पर्य, टिपणकार हा कर्णबधिर विद्यार्थ्याच्या उणिवेवरील कृपा नव्हे. एका इंद्रियावर पडलेल्या दुहेरी कामाची ती न्याय्य विभागणी आहे.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही टिपणे कशी असावी? प्रचलित उत्तर सोपे आहे : वर्गातील हुशार आणि अक्षर चांगले असलेल्या मित्राची वही घ्यावी व तिची छायाप्रत काढावी. यात सद्भाव आहे. पण टिपण म्हणजे काय याविषयीचा एक गैरसमजही आहे. त्याचे निराकरण करण्यास महानुभाव वाङ्मयासारखे दुसरे साधन नाही.

चक्रधरांच्या प्रयाणानंतर, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटाने रिद्धपूर येथे नागदेवाचार्यांकडून त्यांच्या आठवणी ऐकून लीळाचरित्र सिद्ध केले. नोंदविलेल्या बहुतेक प्रसंगी म्हाइंभट स्वतः उपस्थित नव्हता. म्हणून नागदेवाचार्यांच्या स्मरणावरच न विसंबता, ज्यांच्या ज्यांच्या संबंधात लीळा घडली त्यांच्याकडे जाऊन त्याने ती पडताळून घेतली, असे परंपरा सांगते. स्थळ कोणते, वेळ कोणती, कोणी काय विचारले, चक्रधर काय म्हणाले, मग दुसरा काय म्हणाला, हे सारे त्याने राखले. आठवणींत मतभेद आढळला तेथे तोही राखला गेला. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा निरनिराळ्या स्मरणांचे निरनिराळे पाठ नावानिशी चालत आले. डॉ. शं. गो. तुळपुळे व डॉ. वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्यांशी परिचित असलेल्या वाचकांस हे सविस्तर सांगण्याचे कारण नाही.

याच लीळाचरित्रातून केसोबासाने चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ तयार केला. प्रसंग गाळले, विचारणारे गाळले, उरली ती नेमकी व आटोपशीर वचने. सूत्रपाठाची थोरवी वादातीत आहे. तथापि त्याच्या बाबतीत पुढे काय घडले हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. ज्यांनी चक्रधरांस पाहिले-ऐकले होते, किंवा ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या, त्यांस सूत्र उच्चारताच मागचा प्रसंग दिसे. पुढील पिढ्यांस तो दिसेना. तेव्हा कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निघाले हे पुन्हा जोडून दाखविण्यासाठी ‘प्रकरणवश’ या नावाचे वाङ्मय पंथात निर्माण करावे लागले. सूत्राला त्याचा प्रसंग परत द्यावा लागला.

विद्यार्थ्याची नेहमीची वही ही सूत्रपाठाच्या जातीची असते. तीत चार शब्द, एक बाण, एक प्रश्नचिन्ह आणि अधोरेखित केलेले एक नाव असते. वहीच्या मालकाला ती पुरते. कारण व्याख्यान त्याने ऐकलेले असते आणि त्या चार शब्दांचे प्रकरणवश त्याच्या स्मृतीत असते. हीच वही कर्णबधिर मित्राच्या हाती दिली म्हणजे त्याच्या वाट्याला सूत्र येते, प्रकरण येत नाही. म्हणून या विषयातील मुख्य सिद्धान्त मी असा मांडतो : ज्याने ऐकले त्यास सूत्र पुरते, ज्याने ऐकले नाही त्यास लीळा हवी. उत्तम विद्यार्थ्याची उत्तम वही ही कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी उत्तम टिपणे ठरत नाही, याचे कारण अक्षरात किंवा मेहनतीत नसून या प्रकारभेदात आहे.

५

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, अंबाजोगाईच्या एखाद्या महाविद्यालयात मुकुंदराजांवर व्याख्यान चालू आहे. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते, त्याच गावात हा विषय शिकविला जात असल्यामुळे वर्गात थोडी अधिक जाग आहे. तासाअखेर एका चांगल्या विद्यार्थिनीच्या वहीत पुढील ओळ आढळते : ‘विवेकसिंधु, शके १११०, आद्य ग्रंथ (?), अंबाजोगाई / आंभोरे.’

या ओळीत चूक काहीच नाही. तथापि ते प्रश्नचिन्ह आणि ती तिरपी रेघ यांत अर्धा तास सामावला आहे. प्राध्यापकांनी प्रथम परंपरेने मानलेला शक सांगितला. नंतर उपलब्ध पोथ्यांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेपेक्षा अर्वाचीन का वाटते हा प्रश्न उभा केला, आणि नकलकारांच्या हातून भाषेचे रूप पालटत जाते हे त्याचे एक संभाव्य उत्तर दिले. मग ग्रंथातील अंबानगर म्हणजे कोणते यावर अंबाजोगाईचा पक्ष आणि वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचा पक्ष मांडला. एका विद्यार्थ्याने विचारले की, समाधी येथे आहे मग वाद कशाचा? त्यावर प्राध्यापक म्हणाले की, समाधी ही श्रद्धेची साक्ष आहे, ग्रंथाच्या रचनास्थळाचा निर्णय ग्रंथांतर्गत पुराव्यावरून करावयाचा असतो. आणि दोन्हींचा मान राखूनही दोन्ही एक मानता येत नाहीत.

त्या तासाचे खरे शिक्षण या शेवटच्या उत्तरात होते. शक आणि गावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडतात. प्रमाण कशास म्हणावे, शंका कशी घ्यावी, आणि आपल्याच गावाच्या अभिमानाचा प्रश्न असता बुद्धी तटस्थ कशी ठेवावी, हे पुस्तकात त्या रूपाने सापडत नाही. त्यासाठीच व्याख्यानाचा तास असतो. सूत्ररूप टिपणात निष्कर्ष टिकतो आणि विचारप्रक्रिया गळते. ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यास ती प्रक्रिया कानाने मिळालेली असते. कर्णबधिर विद्यार्थ्यास सूत्रेच देत राहिलो, तर दोन वर्षांनी त्याच्या हाती पदवी असेल, माहिती असेल, पण ज्ञान कसे घडते हे त्याने एकदाही पाहिलेले नसेल. मग तो पाठांतर करतो, स्वतंत्र विचार करीत नाही, असा शेरा आपण मारू. आणि ज्या दोषाचे मूळ आपल्या टिपणांत आहे तो त्याच्या बुद्धीच्या माथी लावू. बधिर आणि मूक ही दोन विशेषणे आपल्या भाषेने दीर्घकाळ एका समासात बांधून ठेवली; त्या समासात न ऐकणाऱ्याच्या बुद्धीविषयीचा जो संशय आहे, तो अशा रीतीने आपणच जिवंत ठेवीत असतो.

६

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावाचून ती पुरी होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, प्राध्यापकांनी आपली टाचणे किंवा मुद्रित टिपणे आगाऊ दिली म्हणजे भागेल. ती द्यावीतच, ग्रंथनामे, विशेषनामे आणि परिभाषा आगाऊ मिळाल्याने विद्यार्थ्याची व टिपणकाराची दोघांचीही सोय होते. परंतु टाचण हे बोलण्यापूर्वीचे असते. वर्गात सुचलेला दृष्टान्त, एखाद्या प्रश्नाने विषयाला मिळालेले वळण, ‘हे माझे मत, ते प्रमाण मानू नका’ असा मध्येच दिलेला इशारा, यांतले त्यात काहीच नसते.

दुसरा आक्षेप यंत्राचा आहे, आणि तो आज सर्वांत वजनदार आहे. २०१७ पासून मराठी उच्चार ऐकून देवनागरीत उमटविण्याची सोय गुगलने उपलब्ध केली, आणि २०१९ मध्ये बोलणे तत्काळ पडद्यावर दाखविणारे साधन त्याच कंपनीने बधिरांच्या गॅलोडेट विद्यापीठाच्या साहाय्याने काढले. हातातील दूरध्वनीवर चालणाऱ्या या साधनाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. जेथे काहीच नव्हते तेथे काहीतरी आले आहे. तरीही ते शब्द देते, संहिता देत नाही. कोण बोलला हे ते सांगत नाही. अवतरण कोठे सुरू झाले आणि विवेचन कोठे, हे ते ओळखत नाही. मराठीच्या वर्गात तर विशेष अडचण संभवते. आजच्या बोलीवर घडविलेले यंत्र तेराव्या शतकातील ओवी ऐकून तिला आजच्या शब्दांचा वेश चढविण्याचा धोका असतो. आणि ज्याने ती ओवी ऐकलेली नाही, त्यास चूक झाली आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. जुन्या नकलकाराने दुर्बोध शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालावा, तसाच हा प्रकार आहे. यंत्राची प्रत ही टिपणाची पहिली कच्ची प्रत म्हणून घ्यावी. तिचे संशोधन माणसाने करावे.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९६५ च्या कायद्याने बधिरांसाठी जी राष्ट्रीय तंत्रसंस्था स्थापन झाली, तेथे याच प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. व्याख्यान शब्दशः उतरवून देण्याची एक रीत आहे, आणि प्रशिक्षित माणसाने संक्षेपांच्या साहाय्याने अर्थशः उतरवून देण्याची दुसरी. त्या संस्थेत विकसित झालेली ‘सी-प्रिंट’ पद्धती दुसऱ्या प्रकारची आहे. शब्दशः प्रत पूर्ण असते, पण तीत बोलण्यातील पुनरुक्ती व अडखळणेही येतात. अर्थशः प्रत वाचनीय असते, पण तीत लिहिणाऱ्याचा निर्णय शिरतो. लीळाचरित्राची रीत या दोहोंच्या मधली आहे : संवाद जपावा, प्रसंग जपावा, पाल्हाळ टाळावा, आणि जेथे शंका तेथे शंका नोंदवावी. आपल्यापुढील कामास हीच रीत योग्य वाटते.

तिसरा आक्षेप परावलंबनाचा. आयती टिपणे दिल्याने विद्यार्थी निष्क्रिय होईल, अशी भीती व्यक्त होते. परंतु वाचनालयातील ग्रंथही आयताच असतो. तो वाचून कोणी निष्क्रिय झाल्याचे ऐकिवात नाही. पूर्ण टिपण हाती आल्यावरच विद्यार्थ्याचे स्वतःचे टिपण, म्हणजे निवड, आक्षेप आणि सारांश, सुरू होऊ शकते. सूत्र करण्याचा अधिकार त्याचा आहे. त्याच्यासाठी दुसऱ्याने परस्पर सूत्र करून ठेवणे हेच खरे परावलंबन होय.

७

आता व्यवहाराकडे येऊ. बीडसारख्या जिल्ह्यात प्रत्येक महाविद्यालयास पूर्णवेळ दुभाषी किंवा वेतनी टिपणकार मिळेल, अशी अपेक्षा तूर्त व्यर्थ आहे. पण मनुष्यबळ वर्गातच बसलेले असते. आपल्या विद्यापीठांतून ‘कमवा व शिका’ या नावाने जी योजना चालते, तीत टिपणलेखनाचा अंतर्भाव करणे अशक्य नाही. हंगाम आला की ज्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेथे मागे राहून शिकणाऱ्या मुलामुलींस अशा कामाचा मेहनताना किती उपयोगाचा ठरेल हे सांगावयास नको. मेहनताना द्यावा यास आणखीही एक कारण आहे. मैत्रीपोटी घेतलेली टिपणे परीक्षेच्या दिवसांत किंवा रुसव्याच्या दिवसांत बंद पडतात. आणि ती घेणाऱ्याच्या मनावर उपकाराचे ओझे राहते, त्यामुळे चूक दाखविण्यासही त्याची जीभ रेटत नाही. कामास मोल असले म्हणजे त्याची तपासणीही करता येते.

एका तासाला दोन टिपणकार असावे, म्हणजे एकाचे सुटलेले दुसऱ्याच्या प्रतीत सापडते. दोन प्रतींची तुलना करून एक संहिता तयार करणे हे पाठचिकित्सेचे प्राथमिक शिक्षणच आहे. पदव्युत्तर वर्गात ते प्रात्यक्षिक म्हणून घेता येईल. वाक्ये पूर्ण लिहावी. कोण बोलले हे प्रत्येक वेळी नोंदवावे. फळ्यावरील मजकूर फळ्यावरील म्हणून वेगळा दाखवावा. जे ऐकू आले नाही तेथे जागा सोडून तसे स्पष्ट लिहावे, अंदाजाने भरू नये. खंडित पोथी ही खोट्या पूर्ण पोथीपेक्षा केव्हाही बरी. स्वतःचे स्पष्टीकरण घालावयाचे झाल्यास कंसात घालावे. प्रत त्याच दिवशी द्यावी, कारण उद्याच्या तासाला प्रश्न विचारण्याचा हक्क तिच्यावरच अवलंबून आहे. आणि शेवटचा शब्द कर्णबधिर विद्यार्थ्याचा असावा. टिपण कोठे अपुरे आहे हे तोच सांगू शकतो. म्हणून तो या संहितेचा केवळ ग्राहक न राहता तिचा संपादक झाला पाहिजे.

प्रतीवर टिपणकाराचे नाव असावे, असेही मी सुचवीन. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचे लेखक म्हणून नाव आले आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या नावाने लिहिणाऱ्याचा गौरव होतो. त्याचबरोबर त्याची जबाबदारीही निश्चित होते.

डोळ्यासाठी ज्ञान मांडण्याच्या बाबतीत तर अंबाजोगाईस दूर जाण्याचे कारण नाही. दासोपंतांची पासोडी तेथेच आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण लिहून व आखून मांडले. प्रत्येक महाभूताचा अर्धा भाग स्वतःकडे राहतो आणि उरलेल्या चार भूतांचा एकेक अष्टमांश त्यात मिसळतो, हा विषय नुसत्या निरूपणाने ध्यानात ठेवणे कठीण आहे. तो एका दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे. कवीने लाखांनी ओव्या रचिल्या अशी ज्याची ख्याती, त्यालाही शब्दांच्या जोडीस मांडणीचे साहाय्य घ्यावेसे वाटले, ही गोष्ट व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने मनात बाळगण्यासारखी आहे. वंशावळी, कालपट, संप्रदायांच्या शाखा, छंदांचे गण हे फळ्यावर मांडून दाखविले, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून विद्यार्थ्यांकडे तोंड करून बोलले, तर टिपणकाराचे अर्धे काम प्राध्यापकांनीच केले असे होईल. त्याचा लाभ केवळ एकाच विद्यार्थ्यास होईल असेही नव्हे.

८

टिपणांच्या या चर्चेतून एक व्यापक निष्कर्ष निघतो. व्याख्यान ही आपण आजवर मौखिक आणि क्षणजीवी घटना मानत आलो. तास संपला, व्याख्यान संपले. त्यामुळे वर्गात जे बोलले जाते त्याची परीक्षा कधी होतच नाही. कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी पूर्ण व प्रामाणिक टिपणे तयार होऊ लागली, की व्याख्यान प्रथमच वाचनीय आणि म्हणून परीक्षणीय होईल. ही गोष्ट काही प्राध्यापकांस अवघड वाटण्याचा संभव आहे, आणि टिपणव्यवस्थेविषयीच्या अनास्थेचे एक कारण येथेही असू शकेल. परंतु विद्यापीठीय अध्यापनाने ज्या कसोटीस उतरले पाहिजे ती हीच होय.

केसोबास संस्कृतात लिहू लागला असता, त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून नागदेवाचार्यांनी त्यास मराठीकडे वळविले, ही कथा आपण मराठीच्या अभिमानाची कथा म्हणून सांगतो. तिचा आशय त्याहून मोठा आहे. लेखनाचे रूप कोणते असावे हे ठरविताना, ज्यांस त्या रूपामुळे बाहेर राहावे लागेल त्यांचा विचार आधी करावा, असा तो निर्णय होता. लिहिणाऱ्याची विद्वत्ता किंवा सोय त्यात दुय्यम ठरली. वर्गातील एका कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी टिपणाचे रूप पालटावयाचे की नाही, हा त्याच जातीचा निर्णय आहे. तो घेण्यास नव्या कायद्याची वाट पाहावयास नको. कलम १६ मधील शब्द त्यास पुरेसे आहेत. अपुरी आहे ती टिपणाविषयीची आपली समज, आणि ती सुधारण्याचे काम साहित्याच्या विभागांखेरीज दुसरे कोण करणार?